अख्ख्या घराचा भाव आणि सुट्या भागांचा भाव: बॅसिल्डन पार्कचं प्रकरण

इंग्लंडमधल्या बर्कशर परगण्यात, थेम्सच्या खोऱ्यात, बॅसिल्डन पार्क नावाचा एक दगडी प्रासाद आहे. १९२९ च्या सुमारास त्याच्या तेव्हाच्या मालकाने अमेरिकी धनिकांसाठी एक पुस्तिका छापली. देकार असा: दहा लाख डॉलर मोजा, आम्ही हे घर दगड न् दगड उतरवू, समुद्रापार नेऊ, तुम्ही म्हणाल तिथे पुन्हा उभं करू आणि फर्निचरसकट ताब्यात देऊ. गिऱ्हाईक मिळालं नाही. पण घराचं जेवणघर न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात गेलंच. तिथे त्याला नावही मिळालं, ‘बॅसिल्डन रूम’.

अशा घरांचा इतिहास सांगताना वंशावळ लावायची रीत आहे. अमक्याचा मुलगा तमका, त्याची बायको अमुक घराण्यातली. त्यातून घर का टिकलं आणि का मोडायला आलं, हे कळत नाही. त्यासाठी हिशेबाची वही उघडावी लागते. घर चालवणारा पैसा कुठून येत होता, घर आणि भोवतालची जमीन एकाच हातात होती का, आणि अख्ख्या घराला बाजारात मिळणारा भाव त्याच्या दारं, चुली (भिंतीतल्या शेकोट्यांच्या कोरीव चौकटी), छतं सुटी विकून येणाऱ्या रकमेपेक्षा जास्त होता का, हे तीन प्रश्न विचारायचे. बॅसिल्डनच्या बाबतीत तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा ठरतो. या घराचा घात सुट्या भागांच्या बाजाराने केला आणि पुढे त्याला वाचवायलाही तोच बाजार उपयोगी पडला.

बंगालचा पैसा

१७७१ पर्यंत ही जमीन फेन या सरदार घराण्याकडे होती. त्या वर्षी ती फ्रान्सिस साइक्सने घेतली. साइक्स यॉर्कशरच्या शेतकरी कुटुंबातला. १७५१ मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीत ‘रायटर’ म्हणजे कारकून म्हणून बंगालला गेला. रायटरचा पगार वर्षाला ५ पौंड. त्या पगारावर इंग्लंडात प्रासाद उभा राहत नाही, हे उघड आहे.

पैसा होता खासगी व्यापारात. कासिमबाजारच्या वखारीत रेशमाचा मोठा बाजार होता. कंपनीच्या मालाला मिळणारी दस्तकाची, म्हणजे परवान्याची, जकातमाफी नोकर मंडळी स्वतःच्या मालालाही लावून घेत, त्यामुळे देशी व्यापारी जकात भरून मागे पडे आणि कंपनीचा कारकून न भरता पुढे जाई. प्लासीनंतर नवाबाच्या दरबारातून येणाऱ्या नजराण्यांची भर पडली. १७६५ मध्ये कंपनीला बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क, मिळाली आणि साइक्स मुर्शिदाबादच्या दरबारी रेसिडेंट, म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी, झाला. महसूल, दरबार आणि व्यापार या तिन्हींच्या नाड्या एका माणसाच्या हाती आल्या.

याच काळातलं ‘मातूत’ प्रकरण त्याला जन्मभर चिकटलं. मातूत म्हणजे नेहमीच्या शेतसाऱ्यावर रयतेकडून वसूल केलेली जादा पट्टी. ती साइक्सची निर्मिती नव्हती. बंगालचा नवाब शुजाखान याच्या काळात नवाबाच्या हत्तींच्या चाऱ्यासाठी ‘मातूत फीलखाना’ अशी पट्टी होतीच. पुढचा नवाब अलिवर्दीखान याने बसवलेल्या अशाच एका जादा पट्टीचं नाव होतं ‘चौथ मराठा’. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांचा आणि नंतरच्या चौथाईचा खर्च शेवटी बंगालच्या कुळाच्या खांद्यावर आला, तो या वाटेने. साइक्स बंगालात उतरला ते वर्ष म्हणजे भोसल्यांशी तह होऊन स्वाऱ्या थांबल्या तेच, १७५१. जुनी रूढी आहे, मी फक्त चालू ठेवली, हा त्याचा बचाव होता. इंग्लंडातल्या टीकाकारांनी त्याचं नावच ‘स्क्वायर मातूत’ (जमीनदार मातूत) पाडलं.

पैसा मिळवण्याइतकंच अवघड होतं तो मायदेशी नेणं. रुपये भरलेली पेटी जहाजावर चढवून भागत नसे. कंपनी आपल्या नोकरांचे रुपये कलकत्त्यात भरून घेऊन लंडनवर हुंड्या देई, पण त्यांना मर्यादा असे. उरलेली रक्कम डच किंवा फ्रेंच कंपनीला बंगालात द्यायची, त्यांनी त्यातून माल भरायचा आणि फेड युरोपात करायची, ही दुसरी वाट. तिसरी वाट हिऱ्यांची: आकाराने लहान, किमतीने मोठे. प्रत्येक वाटेत विलंब होता, वटाव होता, आणि हुंडी न सकारली जाण्याची धास्ती होती. परतताना साइक्सकडे किती होतं याचे अंदाज अडीच लाखांपासून पाच लाख पौंडांपर्यंत जातात. या फरकाचं मला नवल वाटत नाही. निम्मा पैसा वाटेत असताना खुद्द मालकालाही नक्की आकडा सांगता आला नसता.

१७६९ मध्ये तो परतला. जमीन घेतली १७७१ मध्ये, पण घराचं काम सुरू झालं १७७६ मध्ये. मधल्या काळात, १७७२ मध्ये, कंपनीचं आर्थिक संकट आलं आणि तिचे शेअर घसरले. त्याच सुमारास पार्लमेंटात बंगालच्या कारभाराची चौकशी चालू होती. शिवाय शाफ्ट्सबरीच्या निवडणुकीत मतं विकत घेतल्याबद्दल प्रतिस्पर्धी मॉर्टिमरने साइक्सवर खटला भरला. कायद्याने दर लाचेमागे ५०० पौंड दंड होता. १७७६ मध्ये एकूण ११,००० पौंड भरण्याचा निकाल लागला. ज्या वर्षी पाया खणला, त्याच वर्षी हा फटका. तरीही काम थांबलं नाही, यावरून थैलीची खोली कळते. १७८१ मध्ये त्याला बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला. पुढे वॉलिंगफर्डमधून निवडून आला तो मरेपर्यंत खासदार राहिला.

बर्कशरला त्या काळी लोक गमतीने ‘इंग्लिश हिंदुस्तान’ म्हणत, इतके कंपनीचे परतलेले लोक तिथे जमले होते. मद्रासचे गव्हर्नर राहिलेल्या बेन्यनचं घराणं जवळच एंगलफील्डला नांदत होतं.

घर कसं बांधलं

वास्तुविशारद होता यॉर्कचा जॉन कार. त्याची बहुतेक कामं उत्तर इंग्लंडात आहेत, बॅसिल्डन हे दक्षिणेतल्या त्याच्या मोजक्या कामांपैकी एक. १७७६ ते १७८३ असं काम चाललं. दगड बाथचा: मधाळ रंगाचा चुनखडक. खाणीतून निघताना तो मऊ असतो आणि करवतीने कापता येतो. हवेत राहिल्यावर कडक होतो. बारीक कोरीवकामाला उत्तम, पण कडा पटकन झडतात.

मधला मुख्य ठोकळा सात खिडक्यांच्या रुंदीचा, दोन्ही बाजूंना छोटे पॅव्हिलियन (स्वतंत्र जोडइमारती), आणि त्यांना मुख्य घराशी जोडणाऱ्या बुटक्या भिंती. या भिंतींच्या मागे कामाची अंगणं दडलेली. समोरून पाहणाऱ्याला एक सलग दर्शनी भाग दिसतो आणि नोकरांची ये-जा, कोळसा, धुणं यांतलं काही दिसत नाही. तळमजला खोल खाचा ठेवून रचलेल्या दगडांचा, वर मुख्य मजला आणि त्यावर झोपण्याच्या खोल्या. दर्शनी भागातलं खरं कसब मध्यभागी आहे. खांबांचा मंडप भिंतीपासून पुढे न काढता कारने तो आत खेचला आहे. तळमजल्यावरच्या कमानींतून शिरायचं, आडोशातल्या जिन्याने वर यायचं आणि ग्रीक धाटणीच्या चार आयोनिक खांबांच्या मागच्या ओसरीवर निघायचं. इंग्लंडच्या पावसात पाहुण्याला भिजवणारा बाहेरचा उघडा जिना त्यामुळे टळला. मागच्या बाजूला, नदीच्या दिशेला, अष्टकोनी दालन.

स्वयंपाकघर पॅव्हिलियनमध्ये, जेवणघरापासून लांब. आगीची भीती आणि वासाचा त्रास, ही दोन कारणं. परिणाम असा की जेवण टेबलावर येईपर्यंत निवे. आणि अशा आराखड्याला चालायला माणसं लागतात. नोकर स्वस्त असेतो त्याचा खर्च कुणाला जाणवत नाही. नोकर महागले की हेच अंतर डोईजड होतं. विसाव्या शतकात शेकडो घरं पडली त्याचं एक कारण हे अंतर.

साइक्सच्या हयातीत घर पूर्ण सजलं नाही. अष्टकोनी दालन अपुरंच राहिलं. घर म्हणजे प्रतिष्ठेची भिंत. ती बाहेरून पूर्ण दिसली की घाई संपते.

तिसरा बॅरोनेट आणि नऊ वर्षांचा सौदा

१८०४ मध्ये साइक्स गेला. त्याच वर्षी मुलगाही गेला. वारस उरला पाच वर्षांचा नातू. किताब, जमीन आणि कर्ज एकदम अंगावर आलेल्या या मुलाने मोठा झाल्यावर काटकसर केली नाही. त्याच्या संसाराची लक्तरं तर वर्तमानपत्रांतून टांगली गेली. ती कहाणी रंजक आहे, पण घराच्या हिशेबात तिचं वजन थोडं.

महत्त्वाचं आहे ते विक्रीचं वागणं. १८२९ मध्ये इस्टेट बाजारात आली. मालकाची अट एक लाख पौंडांच्या खाली येणार नाही अशी. नऊ वर्षं ती विकली गेली नाही. १८३८ मध्ये सौदा झाला तो ९७,००० पौंडांना. म्हणजे तीन टक्के वाचवण्याच्या हट्टात नऊ वर्षांचं व्याज गेलं. कर्जदार मालकाची ही नेहमीची चूक आहे: भाव आपण पूर्वजांच्या खर्चावरून ठरवतो, गिऱ्हाईक मात्र जमिनीच्या खंडावरून ठरवतं. इंग्लिश जमिनीवर तेव्हा वर्षाला जेमतेम तीन-साडेतीन टक्के सुटत. गहाणाचं व्याज त्याहून जास्त. ताबा जितका लांबेल तितकी तूट वाढणार.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. या सगळ्या काळात कुणीही घर मोडून विकायचा विचार केला नाही. कारण अख्ख्या इस्टेटीला भाव होता. जमिनीमुळे समाजात जागा मिळे, पार्लमेंटची वाट सोपी होई, आणि घर हा त्या जमिनीचा मुकुट होता. सुटी दारं-खिडक्या विकत घेणारा मोठा बाजार तेव्हा नव्हता.

फीत-बटणांचा व्यापारी

१८३८ मध्ये इस्टेट घेणारा जेम्स मॉरिसन हा हॅम्पशरच्या एका खानावळवाल्याचा मुलगा. लंडनच्या फोर स्ट्रीटवर टॉड यांच्या फीत, बटणं, कापडाच्या पेढीत तो नोकरीला लागला आणि १८१४ मध्ये टॉड यांच्याच मुलीशी लग्न करून भागीदार झाला. त्याची रीत साधी होती: नफा थोडा, माल झटपट फिरवायचा. रोखीने घेतल्यामुळे खरेदी स्वस्त, आणि वर्षातून अनेकदा तेच भांडवल फिरल्यामुळे थोड्या नफ्याचाही डोंगर. सुतकाच्या काळ्या क्रेप कापडाबद्दलची गोष्ट प्रसिद्ध आहे. राजघराण्यातला मृत्यू जवळ आलाय हे हेरून त्याने क्रेप आधीच भरून ठेवलं, आणि सगळं लंडन काळं नेसायला निघालं तेव्हा माल याच्याकडेच होता.

साइक्सच्या पैशात आणि याच्या पैशात एक फरक फार परिणामकारक ठरला. साइक्सचा झरा १७६९ ला आटला. तो परतला तेव्हा जे होतं तेवढंच होतं आणि पुढच्या पिढ्यांनी ते खाल्लं. मॉरिसनचा पैसा पेढीतून, कर्जरोख्यांतून आणि अमेरिकी गुंतवणुकीतून येतच राहिला. बॅसिल्डनचा खंड घर चालवायला पुरतो की नाही हा प्रश्न त्याला पडला नाही.

चित्रांचा तो जाणता संग्राहक होता. इंग्लिश चित्रकार कॉन्स्टेबलचं ‘द लॉक’ त्याने १८२४ मध्येच घेतलं होतं. या चित्ररत्नांसाठी ही केवढी देखणी पेटी, असं बॅसिल्डनबद्दल त्याने आपला वास्तुविशारद पॅपवर्थ याला कळवलं. पॅपवर्थने अष्टकोनी दालन पूर्ण केलं. कारच्या मूळ आराखड्याला धक्का लावला नाही, हे त्याचं श्रेय. खरेदीची वेळही चोख होती. ग्रेट वेस्टर्न रेल्वे याच खोऱ्यातून येत होती आणि १८४० मध्ये रेडिंगच्या पुढचा मार्ग सुरू झाला. खासदार या नात्याने १८३६ मध्येच रेल्वे कंपन्यांवर नियंत्रणाची मागणी करणारा हा माणूस, रूळ कुठून जाणार हे त्याला ठाऊक नसेल असं मानणं कठीण.

१८५७ मध्ये तो गेला तेव्हा मागे सुमारे ४० लाख पौंड होते. मुलगा चार्ल्स अविवाहित, शांत, आणि गुंतवणुकीत बापाहून सरस. १९०९ मध्ये त्याच्या मागे जवळपास १ कोटी १० लाख पौंड निघाले. या सत्तर वर्षांत घराच्या इतिहासात सांगण्यासारखं जवळजवळ काही घडलं नाही. घराला हेच सगळ्यांत मानवतं.

१९२९: जमीन एकीकडे, घर दुसरीकडे

चार्ल्सनंतर मालमत्ता पुतण्या जेम्स आर्चिबाल्डकडे आली. पहिल्या महायुद्धात घर बरे होणाऱ्या जखमी सैनिकांसाठी खुलं झालं. तोवर इस्टेटींचं गणितच बदललं होतं. अमेरिकी गव्हाने इंग्लिश गहू पाडला: १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला क्वार्टरला (धान्याचं एक माप) सुमारे ५५ शिलिंग असलेला भाव १८९४ मध्ये २३ शिलिंगांच्या खाली. त्याच वर्षी नवा मृत्युकर आला, सर्वांत मोठ्या मालमत्तेवर ८ टक्के. १९१९ मध्ये तोच दर ४० टक्क्यांवर गेला. खंड घटला, कर वाढला, नोकर कारखान्यांत गेले.

आर्चिबाल्डने १९२९ च्या सुमारास विकायला काढलं तेव्हा खरेदीदार होते वृत्तपत्रांचे मालक सर एडवर्ड इलिफ. त्यांची यॅटेंडनची इस्टेट शेजारीच होती आणि त्यांना हवी होती जमीन. घराची त्यांना गरज नव्हती. त्यांनी घर, थोड्या आवारासह, जॉर्ज फर्डिनँडो या व्यावसायिकाला विकून टाकलं.

माझ्या मते हाच या प्रकरणाचा सांधा आहे. दीडशे वर्षांत पहिल्यांदा घर आणि त्याला पोसणारी जमीन वेगळी झाली. जमिनीशिवायचं घर म्हणजे नुसता खर्च: छपराची शिशाची पानं, पावसाच्या नळ्या, शेकडो काचा, हिवाळाभर कोळसा. त्याच्या मालकापुढे तीनच वाटा उरतात. शाळा किंवा इस्पितळाला देणं, सबंध विकणं, किंवा सुटं करून विकणं. आणि आता सुट्या भागांचा बाजार तयार होता. अमेरिकेतली संग्रहालयं आणि धनिक इंग्लिश खोल्याच्या खोल्या विकत घेत होते. डर्बीशरच्या सटन स्कार्सडेल हॉलच्या खोल्या १९२० च्या आसपास निघून गेल्या, आणि घराचं नुसतं कवच उभं राहिलं. कॅशिओबरी १९२७ मध्ये पाडलं, त्याचा कोरीव जिना न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. पुण्या-नाशिकचे वाडे उतरवले की कोरीव खांब आणि तुळया जशा एकेका गिऱ्हाइकाकडे जातात, तसाच हा व्यवहार, फक्त समुद्रापारचा.

मग सुरुवातीच्या त्या पुस्तिकेतून देऊ केलेलं अख्खं घर फर्डिनँडोला का विकता आलं नाही? एक तर मंदी आली. पण तांत्रिक अडचणही होती. लँकशरचं एजक्रॉफ्ट हॉल १९२० च्या दशकात अमेरिकेत रिचमंडला गेलं, कारण त्याचा सांगाडा लाकडी होता. खुंट्या काढल्या की सांधे सुटतात. तुळयांवर क्रमांक टाकायचे, पेट्यांत भरायचं, तिकडे त्याच क्रमाने जोडायचं. बॅसिल्डन दगडी. दर्शनी दगड मागच्या भिंतीत गुंतलेले, चुन्यात बसलेले. उतरवताना बाथच्या दगडाच्या कडा झडणार, आणि पुन्हा बसवताना ते पातळ, सरळ सांधे जुळणार नाहीत. छताचं नक्षीदार गिलावाकाम तर लाकडी पट्ट्यांवर ओल्यानेच चढवलेलं; ते काढायचं म्हणजे मागच्या पट्ट्यांसकट करवतीने चौकोन कापायचे. एका खोलीपुरतं हे परवडतं. म्हणूनच जेवणघर गेलं आणि घर राहिलं. फर्डिनँडोने चुली, गिलाव्याचे तुकडे आणि इतर सुटे भाग विकले आणि कवच रिकामं उभं ठेवलं.

सैन्य

दुसऱ्या महायुद्धात सरकारने घर ताब्यात घेतलं. अमेरिकेच्या १०१ व्या एअरबोर्न (हवाई छत्रीधारी) डिव्हिजनच्या तुकड्या इथे सरावाला होत्या. पुढे युद्धकैदी आले. ताब्यात घेतलेल्या घरांची दैना बॉम्बने क्वचितच केली. ती केली तुंबलेल्या पन्हळींनी, भिंतींवर ठोकलेल्या खिळ्यांनी, शेगड्यांतल्या बेफाम आगीने आणि रिकाम्या खोल्यांत न फिरणाऱ्या हवेने. नुकसानभरपाई मिळे, पण ती खऱ्या खर्चाच्या मानाने तुटपुंजी.

१९५२: दुरुस्ती

१९५२ मध्ये पहिल्या लॉर्ड इलिफ यांचे (म्हणजे त्याच सर एडवर्ड यांचे) चिरंजीव आणि त्यांची पत्नी रेने यांनी घर विकत घेतलं. म्हणजे ज्या कुटुंबाने तेवीस वर्षांपूर्वी घर नको म्हणून वेगळं काढलं, त्याच कुटुंबाची पुढची पिढी. लेडी इलिफ यांनी तेव्हाच्या अवस्थेचं वर्णन करून ठेवलं आहे: एकही खिडकी धड नव्हती, काचांच्या जागी पुठ्ठे आणि प्लायवूड, ग्रंथालयाच्या जमिनीवर पाण्याचं डबकं, वरच्या खोलीत आग लागून ती जेमतेम विझवल्याच्या खुणा, भिंतींवर राहून गेलेल्यांची नावं आणि रेघोट्या, आणि सगळीकडे बोचरी थंडी, ओल. तरी मूळ बांधणी घट्ट होती, कारचं घर खाली तसंच होतं, हे त्यांनी हेरलं.

काळ कसा होता तेही पाहा. १९५५ च्या सुमारास इंग्लंडात दर पाच दिवसांना एक असं घर पडत होतं. इमारतीच्या कामाला १९५४ पर्यंत सरकारी परवाना लागे. अशा वेळी हे घर घेणं म्हणजे भोवतालच्यांच्या दृष्टीने शुद्ध वेडेपणा.

भिजलेल्या दगडी घरात कामाचा क्रम चुकला की पैसा दोनदा जातो. आधी छप्पर, शिशाची पन्हळ आणि पावसाच्या नळ्या. मग खिडक्या, कारण काच बसल्याशिवाय वारा आवरता येत नाही. मग वाळवण, आणि इथेच घाई नडते. जाड भिंत एका बाजूने महिन्याला साधारण २५ मिलिमीटर वाळते असा ठोकताळा आहे. ६० सेंटिमीटरची भिंत दोन्ही बाजूंनी वाळायला वर्ष लागतं. त्याआधी रंग किंवा कापड चढवलं की ओल आत कोंडते. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर राहिली की सुकी कुज म्हणतात ती बुरशी धरते. तिचे तंतू विटा-दगडांतून पलीकडच्या कोरड्या वाटणाऱ्या लाकडापर्यंत पोचतात. म्हणून कुज दिसते त्याच्या पुढे साधारण मीटरभर लाकूड कापून टाकायची जुनी रीत. वीज, नळ, गरम पाण्याच्या नळ्या त्यानंतर. आणि सजावट सगळ्यांत शेवटी.

सजावटीपाशी खरी अडचण आली, कारण १९२९ नंतर आतलं बरंचसं गेलेलं होतं. नवीन करून घेणं महाग, आणि ते नवंच दिसणार. इलिफ दांपत्याने उलट दिशेने विचार केला. इतर घरं पडतच होती. लिंकनशरमधल्या पँटन हॉलमध्ये कारने काम केलेलं होतं आणि ते घर मोडीत निघालं होतं (१९६४ मध्ये ते पूर्ण पाडलं गेलं). तिथून त्यांनी महोगनीची दारं आणि चुली आणल्या.

जुनं दार दुसऱ्या घरात सहसा बसत नाही. उंची-रुंदीचा फरक दिसतो, तो एक. त्याहून त्रासदायक म्हणजे चौकटीच्या अस्तराची खोली, ती मूळ भिंतीच्या जाडीइतकी असते. बिजागरीची बाजू उलटी असू शकते. कापून लहान केलं तर तावदानांभोवतीच्या पट्ट्या असमान होतात आणि दार कायमचं पंगू दिसतं. पँटनची दारं बॅसिल्डनच्या चौकटींत न कापता बसली. कारण दोन्हीकडची मापं एकाच माणसाच्या हातची होती. कार आपली प्रमाणं काटेकोरपणे आणि पुन्हा पुन्हा वापरत असे. आज ती दारं उघडताना ती परकी आहेत हे कुणाच्या लक्षात येत नाही.

हे थोडं अस्वस्थ करणारं आहे, आणि ते तसंच राहू द्यावं. बॅसिल्डनच्या सुट्या भागांनी न्यूयॉर्कचं हॉटेल सजलं आणि पँटनच्या सुट्या भागांनी बॅसिल्डन. बाजार तोच, फक्त १९५० च्या दशकात इतकी घरं मोडत होती की सुट्या भागांचे भाव पडले, आणि प्रथमच अख्खं घर जोडणं खिशाला शक्य झालं. हे भाव चढे असते तर इलिफ यांना घर पुरं करता आलं नसतं.

भिंतींसाठी अठराव्या शतकातल्या इटालियन चित्रकार पोम्पेओ बातोनीची चित्रं आली. कव्हेंट्रीच्या नव्या कॅथीड्रलमधल्या प्रचंड विणपटासाठी चित्रकार ग्रॅहम सदरलंडने केलेली पूर्वचित्रंही इथे आहेत. इलिफ यांची वृत्तपत्रं कव्हेंट्री-बर्मिंगहॅम पट्ट्यातली, तो हा धागा. स्वयंपाकघर पॅव्हिलियनमधून मुख्य घरात आलं आणि त्याला पन्नाशीतल्या साध्या कपाटांचं, ओट्याचं रूप मिळालं. जेवण पहिल्यांदा गरम गरम टेबलावर येऊ लागलं असावं.

१९७८ नंतर

दुरुस्त घराचा पुढचा प्रश्न पुन्हा वारशाचा. दांपत्याला मूल नव्हतं. १९७८ मध्ये त्यांनी घर, सुमारे ४०० एकरांचं आवार आणि देखभालीचा निधी नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जतन करणाऱ्या संस्थेला दिला. यातला निधी महत्त्वाचा. नुसतं घर देऊ केलं तर ट्रस्ट सहसा घेत नाही, कारण जमिनीवेगळं घर म्हणजे काय हे १९२९ ने दाखवलं होतंच. जमिनीच्या खंडाची जागा आता गुंतवलेल्या रकमेचं व्याज, तिकीट आणि सदस्यांची वर्गणी घेते. १९०७ च्या कायद्यानुसार ट्रस्ट एखादी मालमत्ता ‘अविक्रेय’ जाहीर करू शकतो. मग ती विकता किंवा गहाण ठेवता येत नाही, आणि सरकारलाही ती सक्तीने घ्यायची तर पार्लमेंटच्या खास प्रक्रियेतून जावं लागतं. सुट्या भागांचा बाजार या घरापुरता कायद्याने बंद झाला.

रोजचा खर्च मात्र चालूच राहतो. पडद्यांवर आणि कापडी भिंतींवर ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं एकक) आसपासच उजेड ठेवायचा, तैलचित्रांवर २०० पर्यंत. म्हणून भर उन्हाळ्यातही खोल्या अंधारलेल्या वाटतात आणि लोक कुरकुरतात. हिवाळ्यात तापमान माणसांसाठी नव्हे तर हवेतल्या आर्द्रतेकडे पाहून राखतात, ५० ते ६५ टक्क्यांच्या दरम्यान. त्याहून कमी झाली तर लाकूड तडकतं, जास्त झाली तर बुरशी धरते.

सप्टेंबर २०२० मध्ये ट्रस्टने आपल्या ९३ मालमत्तांच्या वसाहतवाद आणि गुलामगिरीशी असलेल्या संबंधांचा अहवाल काढला. त्यात बॅसिल्डन आहे, साइक्समुळे. इंग्लंडात त्यावर बराच गदारोळ झाला. पण या घरात एक व्यावहारिक पेच आहे. ट्रस्टने घर १९५० च्या दशकातल्या रूपात मांडलं आहे, म्हणजे इलिफ यांचं घर म्हणून, आणि ते रास्तच आहे. आतलं बहुतेक सामान त्यांनीच जमवलेलं. बंगालच्या पैशाची खूण दाखवायची तर दाखवायला वस्तू फारशा नाहीत. मुर्शिदाबादचे हस्तिदंत किंवा रेशीम इथे कपाटात मांडलेलं नाही. त्या पैशाचं जे झालं ते म्हणजे बाहेरच्या दगडी भिंती, चार खांब आणि पावसात न भिजवणारा तो जिना. पाहणारा त्यातून चढूनच आत येतो, पण फलक मात्र आतल्या खोल्यांत लावलेले असतात.